विहिणीच्या तांड्यावर शिकलेले अकरा शब्द

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दुपारी सव्वाबारा. लातूरच्या एका शाळेत माझ्या चार वर्षांच्या नातीच्या, रेवाच्या, डायरीत बाईंनी लिहिलं: ‘घरी बंजारा भाषा बोलू नये. मुलगी मागे पडेल.’ आमची सून अनिता लोह्याजवळच्या तांड्यावरची. तिने मुकाट सही केली आणि लेकीशी गोरबोली, म्हणजे तिची बंजारा भाषा, बोलणं बंद केलं. आठवडाभरात रेवाचं नानीशी, म्हणजे अनिताच्या आईशी, फोनवरचं रोजचं बोलणंही आटलं. मोबाइल कानाला लावून पोरगी नुसती श्वास घ्यायची.

मी नांदेडच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथे मराठी बोललं की गळ्यात पाटी अडकवून उभं करत. आता तीच पाटी नातीच्या गळ्यात? मी ठरवलं, तांड्यावर जाऊन गोरबोली शिकायची आणि घरात मीच बोलायची.

लातूरहून सकाळी साडेसहाची नांदेड गाडी धरा. बायकांना तिकीट अर्धं आहे, जागाही अर्धीच मिळते. अहमदपूरच्या स्टँडवर मिरचीभजी खावीत, चहा पिऊ नये. लोह्याला उतरल्यावर तांड्याकडे जाणारा ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

“कोणाकडं चालल्या, मावशी?” ऑटोवाल्याने विचारलं.

“विहिणीकडे. सकरीबाई.”

“पहिल्यांदाच?”

“हो.”

“मंग रुमाल हाताशी असू द्या.”

मला वाटलं, धुळीसाठी.

सकरीबाई दारातून आल्या. ना राम राम, ना पाणी. सरळ मला मिठी मारली आणि मोठ्याने, सुरात रडू लागल्या.

“कोण गेलं हो?”

भोवतीच्या बायका खदखदून हसल्या. “कोणी न्हाई गेलं, बाई! लई दिसांनी माणूस आलं की आमच्यात असंच भेटत्यात. त्या रडून सांगून राहिल्या.”

“काय सांगतात?”

“लेक दिली त्याला सहा वर्षं झाली, विहीण आज आली. आन् नात फोनवर मुकी झाली.”

सहा वर्षं. लग्न नांदेडला नोंदणी पद्धतीने झालं, आणि तांड्यावर मी एकदाही गेले नाही. शिवाय नवी सून आईशी फोनवर बोलायची तेव्हा “घरात मराठीच बोल गं, आम्हाला काही कळत नाही,” असं म्हणणारी पहिली मीच. शाळेने ते नंतर लिहिलं. रुमाल लागला.

दोन दिवस चुलीपुढे शिकवणी चालली. मी वही काढली, सकरीबाईंनी ती कोनाड्यात ठेवली. “पीठ मळा. हाताला लागलं की तोंडाला येतंय.” भाकरी म्हणजे बाटी. आई म्हणजे याडी. मुलगी ती छोरी. आव, बेस म्हणजे ये, बस. “पाणीला पाणीच म्हणत्यात. घ्या, एक फुकट आला!” ‘तारो नाम कांई छ?’ हा प्रश्न जमल्यावर मी दिसेल त्याला नाव विचारत सुटले. एक आजोबा पाचव्यांदा म्हणाले, “आता तरी ध्यानात ठेवा, बाई.”

निघताना कळलं की मिठीतल्या रडण्याला पाहुणीनेही रडूनच उत्तर द्यायचं असतं. माझ्याजवळ होते अकरा शब्द. सगळे त्या सुरात ओतले: याडी, बाटी, पाणी, छोरी, आव, बेस, खा, शेवटी ‘तारो नाम कांई छ’सुद्धा. बायका पोट धरून हसल्या. सकरीबाई हसल्या नाहीत. पदराने त्यांनी आधी माझे डोळे पुसले.

घरी येताच रेवाला म्हटलं, “आव, बेस. बाटी खा.” तिने आधी आईकडे पाहिलं. चार वर्षांचं पोर स्वतःच्या बोलीसाठी परवानगी मागत होतं. अनिताने होकाराची मान हलवली. मग रेवा मोबाइल घेऊन कोपऱ्यात गेली आणि नानीशी जी सुटली, ती जेवण निवेपर्यंत. मला त्यातले चार शब्द कळले. बाकीचे माझ्यासाठी नव्हतेच.

मुख्याध्यापिकाबाई, डायरीतली ती ओळ खोडून खाली सही हवी आहे. तसं पत्र शाळेत दिलंय, तुम्हाला समजायला अडचण नको म्हणून कॉन्व्हेंटातल्या इंग्रजीत. लेखी उत्तर सोमवार, १५ डिसेंबर, दुपारी चारच्या आत द्यावं. नाहीतर सव्वाचारला सकरीबाईंना घेऊन मी तुमच्या दारात येते. त्या भेटतील तुम्हाला. रुमाल हाताशी ठेवा.