कोकोला एकटं राहवत नाही

विकासनं गाडीचा हॉर्न वाजवला तेव्हा मी शकूच्या गोठ्यात माझी म्हस बांधत होते. शकू माझी शेजारीण. म्हस नव्या खुंट्याला बिचकली होती, मान वळवून माझ्याकडं बघत होती. "आई, आवर की, हायवेला गर्दी लागंल," लेक बाहेरून ओरडला. शकू म्हणाली, "जावा वैनी. लेक न्यायला आलाय, नशीब हाय तुमचं." विकास म्हणाला, "लय राबलीस. आता आराम कर." मी गाडीत बसले. रडले नाही. आराम कसा असतो ते एकदा बघावं म्हटलं.

आपल्या गावात, कुंडलातच राहिलेल्या बायांनो, तुम्ही विचारता, शिरवळच्या फ्लॅटात कसं होतं. ज्या माझ्यासारख्या लेकामागं गेल्या त्या विचारत नाहीत, त्यांना ठाऊक असतं. तरी दोघींनाही सांगते.

दार उघडलं आणि पायात केसांचा एक गोळा येऊन आदळला. ते कुत्रं होतं. जात शित्झू, नाव कोको. माझी सून स्नेहल साताऱ्याची, बोलायला गोड. ती म्हणाली, "आई, याला एकटं अजिबात राहवत नाही हो. आम्ही दोघंही कंपनीत असतो. हा दिवसभर रडतो, सोसायटीत तक्रारी होतात. आता तुम्ही आलात, बरं झालं." मी चहा प्यायले आणि कप विसळून ठेवला.

आपल्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत येत नाही. इथं ते अंथरुणात होतं. त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं आणि खालच्या केसांत तांबडा चिकटा धरायचा. तो सकाळ-संध्याकाळ ओल्या कापसानं पुसायला लागायचा. एक दिवस विंचरलं नाही की केसांच्या गाठी. पाणी प्यायलं की दाढी ओली, ती माझ्याच लुगड्याला पुसणार. दातांना ब्रश, कानांना औषध, आणि बाहेरून आणल्यावर मागची बाजू सुगंधी कागदानं पुसायची. मी गुवामुतात हात घातलेली बाई आहे. शेण मला कधी घाण वाटलं नाही. पण त्या सुगंधी कागदाचा वास नाकात बसला की माझा घास उतरायचा नाही.

स्वभावाचं काय सांगू? कुणी म्हणेल गरीब. मी म्हणते बिनकामाचा. गॅसवाला आला की त्याच्यापुढं पोट वर करून उताणा. चोर आला असता तर त्याला तिजोरी दाखवली असती. आपल्या वस्तीवरचं कुत्रं शिळ्या तुकड्यावर रात्रभर ऊस राखतं. हे हाक मारली तर भिंतीकडं बघायचं, आणि मी मोरीत गेले तरी दाराबाहेर कुईंकुईं करत बसायचं. चेहरा असा चपटा की झोपेत माणसासारखं घोरायचं, जरा ऊन लागलं की धापा टाकायचं. त्याची चूक नव्हती. माणसांनीच मांडीवर घ्यायला असं जनावर करून ठेवलं, ज्याला धड श्वास घेता येत नाही. मला किळस आली ती करणाऱ्यांची.

तरी मी त्याचं सगळं केलं. माझी आई म्हणायची, "जनावराला तोंड न्हाई. आदी त्याला टाक, मग तू घे." चौथीतनं शाळा सुटली, पण हा धडा सुटला नाही. म्हणून कोकोची वाटी भरल्याशिवाय मी ताटावर बसले नाही. हे विकासला चांगलं माहीत होतं. जनावर समोर ठेवलं की आई उठून जाणार नाही, हे त्याला माहीत होतं.

उन्हाळ्यात एकदा दुपारी लाईट गेली. पंखा बंद, एसी बंद. कोको फरशीवर पसरला, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हालतंय. मी ओल्या फडक्यानं पुसलं, पण केसांच्या गाठींतून पाणी कातड्यापर्यंत जाईना. आपण उन्हाळ्यात म्हशी भादरतो, अंगावरचे केस काढून टाकतो, तसं करायचं ठरवलं. कात्री घेतली, त्याला दोन पायांत धरलं आणि शेपटीपासून मानेपर्यंत भादरून काढलं. आतून निघालं मूठभर कुत्रं. पण त्याचा श्वास खाली बसला.

संध्याकाळी स्नेहल आली आणि दारातच रडायला लागली. "आई, काय केलंत हे!" ती त्याला उचलून डॉक्टरकडं गेली. डॉक्टर म्हणाले, कुत्रं बरं आहे, पण केस फार खोल कापलेत, महिनाभर उन्हात नेऊ नका, कातडी भाजेल. माझंही चुकलंच होतं, म्हशीचं कातडं वेगळं. येताना तिनं त्याला बनियन घेतलं.

विकास सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "आई, तुला एक काम दिलं होतं. तेवढंबी जमंना?"

मी विचारलं, "काम? मला तर तू आरामाला आणलं होतंस."

तो म्हणाला, "तसं न्हाई गं. त्याला एकटं राहवत न्हाई, म्हणून..."

माझा नवरा फौजेत होता. वर्षातले दहा महिने मी एकटी. तो वारल्यावर सहा वर्षं बाराही महिने एकटी. तापानं फणफणले तेव्हा शकूनं पेज आणून दिली. तेव्हा एकटं राहवत नाही हा आजार लेकाच्या ऐकण्यात नव्हता. कुत्र्याला झाला तेव्हा त्याला कळला, आणि औषध म्हणून त्यानं मला आणलं.

सकाळी कोकोचे डोळे पुसले, वाटी भरली आणि पिशवी उचलली. विकास दारात आडवा आला. "लोक काय म्हणतील आई?" मी म्हटलं, "सांग, सुट्टीवर गेली." शिरवळहून कराड, कराडहून कुंडल, एसटीत उभ्यानं आले. पण कुणी माझ्या लुगड्याला दाढी पुसली नाही.

तुम्हाला वाटेल, घर आलं की गोड झालं. तसं काही नाही. शकूच्या गोठ्यात गेले तर म्हशीनं मला हुंगलं आणि तोंड परत कडब्यात घातलं. शकू वरमून म्हणाली, "न्या वैनी, तुमचीच हाय." म्हस तिच्या हाताला लागली होती, धार तिलाच देत होती. राहू दे म्हटलं. त्या म्हशीचाही मला राग आला. आता माझा गोठा रिकामा आहे, खुंटा तेवढा उभा आहे. पडवीत एकटीच जेवते. पण इथं मला कशासाठी ठेवलंय हे कुणी खोटं सांगत नाही. माझ्या लेखी आता घर एवढंच उरलंय, आणि तेवढं मला पुरतं.

परवा विकासचा फोन आला. "आई, कोको खाईना. दारातच बसतोय. तुझ्याकडं आणून सोडू का थोडे दिवस?"

मी जेवले का, हे त्यानं विचारलं नाही.

मी म्हटलं, "आण. खुंटा रिकामाच हाय. पण आरामाला चाललाय, असं त्याला सांगू नगंस."