दहा चुकांची खोली

दिवसभरात किती खोल्या आवरायला झेपतील, ते कपुआचा उजवा खांदा सकाळी पावणेसातलाच सांगायचा. तेरा तर कराव्याच लागत. खांदा नवव्या-दहाव्या खोलीपर्यंत साथ द्यायचा. पुढच्या ती डाव्या हातानं आणि गुडघ्यानं रेटायची. तरी तिच्या खोलीत कुणाला सुरकुती सापडली नाही. काम अर्धं करायचं तर घरी बसावं, असं तिचं मत होतं.

व्हेगासच्या एकाच हॉटेलात तिला चोवीस वर्षं झाली होती. हवाईतला वायानाएचा किनारा सोडला तेव्हा नवरा सोबत होता आणि खांदे दोन्ही धड होते. बापजाद्यांच्या बेटावर ते भाड्यानं राहत होते, तेही शेवटी परवडेना. इथंही भाडंच, पण झेपण्याजोगं. हवाईच्या आठ बेटांवरून इतकी माणसं इथं येऊन राहिली होती की ती या वाळवंटाला आपलं नववं बेट म्हणत. हसत म्हणत. कपुआला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पुढे नवरा वारला. मुलगा कावीका, सून आणि तीन पोरं तिच्या दोन खोल्यांत राहायला आली.

अस्कला तिच्यानंतर तेरा वर्षांनी कामाला लागली. इथिओपियातल्या देस्से गावची. लॉटरीत व्हिसा लागला म्हणून लहान मुलीला घेऊन आलेली. तिला गादी उचलायला कपुआनंच शिकवलं. "पाठीनं नको, मांड्यांनी उचल. पाठ एकच मिळते माणसाला." चादरीचा कोपरा मुडपायला शिकवला, उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराकडे येऊ द्यायचं नाही हे शिकवलं. सुरुवातीला अस्कलाला एका खोलीला पाऊण तास लागायचा. तिच्या राहिलेल्या खोल्या कपुआनं कितीदा तरी आपल्या वेळात करून दिल्या.

त्या अस्कलानं तीन वर्षांपूर्वी घर घेतलं. स्वतःचं. पुढे लिंबाचं झाड, मागे गाडीला छप्पर. तिच्या लोकांची भिशी असे. त्यात टॅक्सी चालवणारे, खोल्या आवरणाऱ्या, पार्किंगमधले, सगळे. तिचा नंबर लागला आणि तिनं ते पैसे घरात घातले. मुलगी ब्लेन औषधांचं शिकायला कॉलेजात गेली. कपुआ घरभरणीला गेली, सगळं घर फिरून पाहिलं, दोन्ही बाथरूमचे नळ उघडून पाहिले आणि घरी येऊन कावीकाला म्हणाली, "नळ हलके आहेत."

"आई, तुझ्या पोटात दुखतंय."

"माझ्या खांद्यात दुखतंय."

"त्यांच्यात एकेका घरात चौघं कमावतात आणि एकमेकांना धरून असतात. आपल्याकडे मी, तू आणि ही तीन तोंडं. शिवाय महिन्याला कुणी ना कुणी बेटावरून येतं, आठ-आठ दिवस राहतं."

"मग त्यांना काय दारातून परत पाठवू?"

"तेच म्हणतोय मी," कावीका म्हणाला आणि जेवायला बसला.

त्या वसंतात मजल्यावरच्या सुपरवायझरची एक जागा निघाली. सुपरवायझरला गादी उचलावी लागत नाही. पेन्शनला सहा वर्षं होती आणि एवढ्या दिवसांचं काम खांद्यात उरलेलं नाही, हे कपुआला ठाऊक होतं. तिनं अर्ज केला. चाळणीतून दोनच नावं राहिली, तिचं आणि अस्कलाचं. परीक्षा गुरुवारी दुपारी होती. चौदाव्या मजल्यावर एका खोलीत मुद्दाम दहा चुका करून ठेवणार. पंधरा मिनिटांत ज्या सापडतील त्या लिहायच्या.

गुरुवारी सकाळी चादरींच्या खोलीत तिरुनेशनं कपुआला गाठलं. तिरुनेश कपडे धुण्याच्या विभागात होती, अस्कलाची मावसबहीण, वयानं बरीच लहान. तिनं दार लावून घेतलं.

"आंटी, एक सांगायचंय. अस्कलाची आई काल रात्री गेली. देस्सेला."

"अरे देवा. मग ती कामावर कशी आली?"

"तिला माहीत नाही. आमच्यात असं फोनवर सांगत नाहीत. उद्या उजाडताना आम्ही सगळे तिच्या घरी जाणार. देम्सेकाका सांगतील, ते वडीलधारे आहेत. तिला धरायला चार बायका शेजारी असतील. तोवर तिच्या कानावर जाता कामा नये. जेवणाच्या सुट्टीत ती फोन बघेल. तुम्ही तिच्याबरोबर असता. तिला लॉकरकडे जाऊ देऊ नका, एवढंच करा. संध्याकाळचं आम्ही बघतो."

"आईची बातमी पोरीपासून दिवसभर लपवायची?"

"एकटीनं ऐकायची नाही ती बातमी, आंटी."

तिरुनेश गेली. कपुआ टॉवेल मोजत राहिली आणि तीनदा चुकली. तिची स्वतःची आई गेली तेव्हा ती याच खोलीत होती. आठ वर्षं झाली. बहिणीचा फोन आला, दोन वाक्यांत संपला. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली, उठली आणि राहिलेल्या चार खोल्या केल्या, कारण त्या दिवशी माणसं कमी होती. दुसऱ्या दिवशी विमानानं गेली. बेटावर रडायला, गायला पुष्कळ माणसं होती. पण ती पहिली घटका तिनं एकटीनं काढली होती. आणि अस्कलासाठी एक अख्खी वस्ती उद्या पहाटे उठणार होती, कोण कुठं उभं राहील हे ठरवून. घर पाहूनही लागलं नव्हतं इतकं तिला हे लागलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं अस्कलाला गच्चीकडच्या बाकावर बसवलं. अस्कलाचे उपासाचे दिवस होते, मांस-दूध नाही. डब्यात आंबवलेली आंबट धिरडी आणि डाळ. कपुआनं भाताची वडी आणली होती, वर डबाबंद मांसाचा तुकडा. 

"दुपारी पोट जड होईल तुझं, पलंगाखाली वाकता येणार नाही," अस्कला म्हणाली.

"तू तुझं बघ. उपाशीपोटी तुला दहाच्या वीस दिसतील."

अस्कला हसली. "फोन विसरले बघ लॉकरमध्ये. आईला विचारायचं होतं, आज कशी आहे."

"बस ग. परीक्षा झाल्यावर विचार. आता डोकं नको फिरवू."

अस्कला बसली. तिरुनेशनं सांगितलेलं कपुआनं पाळलं, आणि अर्धी वडी परत डब्यात ठेवली.

परीक्षेला कपुआचा नंबर आधी होता. हाउसकीपिंगच्या प्रमुख मिसेस दुआर्ते दारात घड्याळ घेऊन उभ्या. कपुआ डावीकडून शिरली, चोवीस वर्षं शिरायची तशी. दाराच्या चौकटीवर धूळ. दिव्याच्या टोपीची शिवण पुढे. उशीचं तोंड दाराकडे. घड्याळ तासभर मागे. टबात केस, कपाच्या कडेला लिपस्टिक, हँगर एक कमी, रिमोटमध्ये बॅटरी नाही, पडद्याचा आकडा निसटलेला. नऊ. पलंगाखाली बघायचं तर जमिनीवर हात टेकून खांद्यावर भार द्यावा लागला असता. तिनं नुसतं वाकून पाहिलं. काही दिसलं नाही. घंटा झाली. बाहेर पडताना ती मनाशी म्हणाली, दहावी पलंगाखालीच आहे.

"खोली पुन्हा लावते," मिसेस दुआर्ते म्हणाल्या. "दहा मिनिटांत अस्कला, तुम्ही."

दोघी बर्फाच्या मशीनपाशी उभ्या राहिल्या.

"किती?" अस्कलानं विचारलं.

"नऊ."

"कुठली राहिली?"

"ते कळलं असतं तर दहा म्हणाले असते."

अस्कलानं केस घट्ट बांधले. वाकून बुटाची नाडी बांधली, तशीच खाली बसून दोनदा हात जमिनीला टेकवून पाहिले. खांदे कसे रबरासारखे होते तिचे. ही पलंगाखाली झोपून बघेल, कपुआच्या मनात आलं. मीच शिकवलंय तिला.

"ही जागा मिळाली ना," अस्कला म्हणाली, "की आईला इकडे आणायचे कागद पुढे जातील. इतका पगार दाखवावाच लागतो. मागची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवलीय. तुझं बरं आहे, कपुआ. तुझा मुलगा घरात आहे, नातवंडं आहेत. तुला इतकी घाई नाही."

तुला घाई नाही. कपुआच्या खांद्यातून कळ गेली. जिच्यासाठी हिला जागा हवी ती कालच गेली, आणि मला हवी ती मी इथं उभी आहे. वर आईची बातमी लेकीपासून लपवणं हे पाप आहे, आमच्यात असं कुणी करत नाही. एवढं सगळं तिच्या मनात एका दमात आलं, आणि सगळं खरंच होतं.

"अस्कला," ती म्हणाली, "तुझी आई काल रात्री गेली."

मशीनमध्ये बर्फ पडला.

"कुणी सांगितलं?"

"तिरुनेशनं. सगळ्यांना माहीत आहे. उद्या उजाडताना येणार आहेत घरी."

"देम्सेकाका?"

"ते बोलणार आहेत. आमच्यात नाही ग लपवत असं. मला राहवेना."

अस्कलानं भिंतीला हात लावला. रडली नाही. मिसेस दुआर्तेंनी नाव पुकारलं.

"जाऊ नकोस," कपुआ म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"काय सांगशील?" अस्कला म्हणाली आणि आत गेली.

सहा मिनिटांत ती बाहेर आली. तिच्या कागदावर चार चुका होत्या. लिफ्टपाशी ती कपुआला एवढंच म्हणाली, "तिरुनेशला सांगू नकोस, मला कळलंय ते. काकांना वाईट वाटेल."

संध्याकाळी जागा कपुआची झाली. कावीकानं घरी केक आणला. पोरांनी उड्या मारल्या. कपुआनं दोन घास खाल्ले आणि खांदा शेकत बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिरुनेशनं तिला बोलावलंच. "दिवसभर सांभाळलंत, आंटी. तुम्ही पण चला." नाही कसं म्हणायचं? गाड्या दोन गल्ल्या अलीकडे उभ्या केल्या. पांढऱ्या शाली घेतलेल्या बायका, कोट घातलेले पुरुष, तीसेक माणसं तांबूस उजेडात आवाज न करता चालत होती. देम्सेकाकांनी दार वाजवलं.

अस्कलानं दार उघडलं. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. कुणीतरी तिला खुर्चीवर बसवलं, दोघी मागे उभ्या राहिल्या, दोघी बाजूला. काका तिच्यासमोर बसले. आधी देवाचं नाव घेतलं, मग तिच्या आईचं वय, आजारपण, किती माणसं जोडली होती ते. अस्कला मान खाली घालून ऐकत होती. म्हाताऱ्याचं एकही वाक्य तिनं वाया जाऊ दिलं नाही. ते शेवटच्या शब्दाला आले तेव्हाच ती ओरडली आणि कोसळली, आणि आठ हातांनी तिला वरच्या वर झेललं. जिन्यावरून ब्लेनची किंकाळी आली. त्या घरात ती एकटीच खरोखर पहिल्यांदा ऐकत होती.

कपुआ दाराशी होती. नाटक आहे हे तिला एकटीला ठाऊक होतं. आणि तरी ते हात बघून तिचा जीव जळत होता. आपल्याला असं कुणी झेललं असतं तर, हाच विचार.

तीन दिवस ते घर भरलेलं होतं. गाद्या जमिनीवर, कॉफी अखंड, भांडी शेजारणींची. तिसऱ्या दिवशी कपुआ स्वयंपाकघरात कप विसळत होती. अस्कला काळ्या कपड्यांत आत आली आणि तिनं दार ओढून घेतलं.

"तुला एक सांगते. गुरुवारी ब्लेन झोपल्यावर मी गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या आणि रडले. मला कुणी धरलं नाही, कुणी पाणी पाजलं नाही. जन्मात पहिल्यांदा एकटी रडले. बरं वाटलं."

"मग चांगलंच केलं मी."

"चांगलं झालं. पण तू ते माझ्यासाठी सांगितलं नाहीस."

कपुआनं नळ बंद केला. "नाही."

"तू नऊ करून बाहेर आली होतीस."

"हो."

"मला वाटलंच." अस्कलानं एक कप घेऊन पुसला. "तुम्हा लोकांचा मला नेहमी हेवा वाटतो. आई गेली, विमानात बसलात, सकाळी तिच्यापाशी. पासपोर्ट नको, कागद नकोत. मी अकरा वर्षांत एकदा गेले. घर आहे माझं, पण ब्लेन सुट्टीच्या दिवशीसुद्धा मैत्रिणींकडे असते. तुझ्याकडे दार उघडलं की पोरं अंगावर येतात."

"दोन खोल्यांत ती अजून जाणार कुठं?" कपुआ म्हणाली. दोघींनाही हसू आलं नाही.

सातव्या दिवशी अस्कला कामावर आली. काळा रुमाल डोक्याला, तेरा खोल्या. कपुआच्या हातात आता गादी नव्हती, एक पाटी आणि पेन होतं. अस्कलाच्या खोल्या तिनं शेवटी ठेवल्या आणि एकेक कोपरा बघितला. कोपरे तिनंच शिकवले होते तसे होते. आठ खोल्यांत काही नाही. नवव्या खोलीत टबाच्या कडेला एक केस होता. तो तिला चिमटीत उचलून टाकता आला असता. पण केस तो केस. तिनं अस्कलाला खालच्या मजल्यावरून बोलावून घेतलं.

अस्कला आली, वाकली, कड पुसली, कोरडी केली.

"अजून काही?"

"नाही. राग आला?"

"तुझ्या जागी मी असते तर मीही बोलावलं असतं," अस्कला म्हणाली आणि चादरींची गाडी ढकलत निघून गेली.

इतकं सरळ बोलणं आपल्याला कधी जमलं नसतं. कपुआनं पाटीवर बरोबरची खूण केली आणि तिच्या दहाव्या खोलीचं दार उघडलं.