रेशमीला चालायला लावताना: जव्हार ते मोखाडा आणि परत

पागेच्या दारोगांनी मला तोंडावरच सांगितलं, "राव, ही घोडी चालतच नाही, नुसती दुडकते. मोखाड्याहून पाठ सोलून घेऊन आली, तर नाशकाला टांग्यासाठी धाडीन." मी संस्थानातला देवीची लस टोचणारा. रेशमीवाचून माझे पाडे फिरून व्हायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझा तिच्यावर जीव होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी निघालो.

मोखाड्याची वाट म्हणजे नुसता चढउतार. जाणार असाल तर थंडीत जा आणि दोन भाकऱ्या जास्तच बांधून घ्या. रेशमी बाईसाहेबांनी दुडकू नये म्हणून मी लगाम आवळून बसलो, तर त्या अधिकच दुडकल्या! माझी हाडं खिळखिळी, तिच्या तोंडाला फेस. तेवढ्यात डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेतलेली एक बाई मागून आली आणि चक्क आमच्या पुढे गेली.

"दादा, घोडी नाचवतोस कं काय?"

"चालवतोय, बाई!"

"तिची मान बांधून ठेवलीस. मान नाय हालली तं पाय कसं टाकल? उतर, ये माझे मागं."

निमूट उतरलो. सोनीबाई तिचं नाव. चढ असो, उतार असो, तिचं पाऊल एकसारखं. कोसभर तिच्यामागे चाललो, तशी रेशमीची मान पावलागणिक डुलू लागली. मग वर बसलो, पण लगाम सैल. धुळीत पाहतो तर मागचा खूर पुढच्याच्या ठशाच्याही चार बोटं पुढे, म्हणजे खरी लांब, मोकळी चाल! मोखाड्याला सोनीबाईच्या बहिणीकडे गार आंबील प्यालो आणि धर्मशाळेत ताणून दिली.

परतीला सोनीबाई नव्हती. जव्हार जवळ येताच रेशमीला पागेची ओढ लागली आणि ती दुडकू लागली. लगाम खेचायला हात शिवशिवले. पण नाही खेचला. तिचं तोंड मोखाड्याकडे फिरवलं, पन्नास पावलं तिला चालवलं, दुडकणं थांबलं की पुन्हा जव्हारकडे वळवलं. असं सात-आठदा केलं. गुराखी खो-खो हसत होते, "ओ देवीवाले, जव्हार हिकडं हाय!"

दारोगांनी खोगीर उतरवून पाठ दाबून पाहिली, ती शहारलीसुद्धा नाही. मग स्वतः बसून फेरी मारली. मी छाती फुगवून उभा.

"वा राव! दिवाणसाहेबांच्या दुखऱ्या कमरेला हीच हवी. उद्यापासून त्यांच्या सवारीला."

टांगा टळला आणि घोडीही गेली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

काल बाजारात दिसली. वर दिवाणसाहेब पेंगत होते, लगाम सैल. मला राहवेना. "रेशमे!" म्हणालो. तिने कान माझ्याकडे वळवला, पण चाल मोडली नाही.

शहाणी गं माझी बाय.