आत्तीनं पाहिलेलं पेनांग

धार काढायला बसण्याआधी आत्ती चरवी उपडी करून दाखवायची. कोल्हापुरात दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, गिऱ्हाईकही समोर उभं असतं आणि चरवीच्या तळाला आधीच पाणी ओतून ठेवलेलं नाही, हे धार काढणाऱ्यानं दाखवायचं असतं. माझ्या या आत्यानं लग्न झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ हेच केलं. त्यामुळे जगानंही आपली भांडी तिच्यासमोर उपडी करावीत, अशी तिची अपेक्षा होती. ‘मी चोर न्हाय हे रोज दोनदा दावतो,’ ती म्हणायची, ‘बाकीच्यांनी एकदा तरी दावा की!’

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडची मंडळी पोहे खाऊन निवांत बसली होती. आत्ती उंबऱ्यातूनच म्हणाली, ‘पोरगं त्या कोपऱ्यापतोर चालवून आणा. बसलेलं जनावर आन् बसलेला माणूस, दोन्ही धडधाकटच दिसत्यात.’ वडिलांना कुठं तोंड लपवू असं झालं. मुलगा मात्र मुकाट उठला आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. आत्ती असेपर्यंत आमचे हे तिच्यासमोर जरा ताठच चालायचे.

दरवर्षी एकेक करत तिच्या गोठ्यातल्या म्हशी कमी झाल्या आणि शेवटी एकच उरली. तिचं नाव चिमणी, आणि दारातून आत येताना दोन्ही बाजू घासायच्या एवढी अवाढव्य. आत्तीचे गुडघे गेले होते, गोठ्यात पाय घसरून ती पडलीही होती. तिचा मुलगा बाळूदादा, लेथचं छोटं वर्कशॉप चालवणारा, ‘आता बास कर आई’ म्हणून म्हणून थकला होता. आणि एक दिवस अचानक त्यानं जाहीर केलं, की सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या बोटीचं तिकीट काढलंय, आई आणि सोबतीला मी.

‘ज्यानं मला कधी जोतिबाला न्हेलं न्हाय, त्यो समुद्रावर पाठवालाय. का?’ आत्तीनं मला विचारलं.

‘माया आहे म्हणून.’

‘माया असती तर संगं आला असता. माझ्या माघारी चिमणीला इकतोय बघ त्यो.’

मी हसले. दादानं चिमणीला फुलासारखं जपतो म्हणून सांगितलं, पण सांगताना तो आईकडे बघत नव्हता, बॅगेचं कुलूप बघत होता. ते मला खटकलं आणि तेव्हापासून माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

बोटीवर आत्तीनं कशावरच विश्वास ठेवला नाही. खोलीत टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला होता. बाकीचे त्याचे फोटो काढत होते, हिनं तो उलगडून उन्हाकडे धरून बघितला. ‘ह्यो आधी कुणी वापरलाय?’ जेवणात पन्नास पदार्थ मांडलेले पाहून ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘एवढा चारा कशापायी घालालेत?’ बोटीवर फोनला रेंज नव्हती. चिमणीची खबर नाही म्हणून ती दिवसभर कठड्याला धरून किनारा शोधायची.

बोट मलेशियातल्या पेनांगला एक दिवस थांबली. आमच्या ग्रुपमधले लोक टोप्या घालून गाव बघायला निघाले. आत्ती फोन चालणारी जागा शोधत निघाली. वाटेत घसा कोरडा पडला म्हणून उसाचा रस घ्यायला थांबलो, तर तिनं रसवाल्याला खुणेनं ग्लास उपडा करायला लावला. तो हसत हसत तयार झाला. पुढे एका कॉफीच्या दुकानात फुकट नेट मिळालं. कोल्हापुरात नुकत्याच सकाळच्या धारा आटोपल्या असतील. शेजारच्या शोभाला व्हिडिओ कॉल लावला.

‘आत्ती, समुद्र कसा हाय ओ?’

‘समुद्र समुद्रागत हाय. चिमणी दाव.’

‘बाळूदादा कट्ट्यावर घेऊन गेल्यात तिला.’

‘ह्या वक्ताला? काय लपवालीस शोभे? गोठा दाव. फोन फिरीव.’

शोभानं फोन फिरवला. फिनेल टाकून धुतलेली फरशी दिसली आणि फरशीवर दादाची मोटारसायकल.

आत्ती त्या मोटारसायकलकडे बघत राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, ‘दावं काढून घेतलं न्हवं?’ जनावर विकताना गळ्यातलं दावं घरी ठेवून घ्यायचं असतं, नाहीतर त्याच्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते.

‘घेतलं असंल की.’

‘असंल न्हवं. खुट्टीवर बघ.’

खुंटी रिकामी होती. दादाला हे ठाऊकच नसणार; सांगणारी बोटीवर होती.

मी संतापून दादाला फोन लावायला गेले, तर आत्तीनं माझा हात धरला. ‘ऱ्हाऊ दे. चल, गाव बघू.’

आणि आम्ही गाव बघितलं. सायकलरिक्षावाल्यानं सांगितला तो भाव तिनं मान हलवून कबूल केला. भिंतीवरची चित्रं, घड्याळाचा मनोरा, तमिळ लोकांचं देऊळ, जे दाखवलं ते तिनं पाहिलं. एका टपरीवर डब्यातलं दूध घातलेली कॉफी पुढ्यात आली. दूध कसलं हे न विचारता तिनं ती संपवली. बटवा बाकावर विसरून ती चालू लागली, तो मी धावत जाऊन आणला. रिक्षावाला रस्ता चुकवतोय का, हे आता मीच बघत होते. ग्रुपमधल्या एक बाई भेटल्या आणि म्हणाल्या, ‘आता कशा मस्त एन्जॉय करतायत मावशी!’ मला मात्र भीती वाटायला लागली होती.

परतलो तेव्हा दादा विमानतळावर न्यायला आला होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. आईनं तोंड उघडायच्या आत त्यानं पाठ केल्यासारखं सुरू केलं. ‘आई, चिमणीला दिली. डॉक्टर म्हणले, तू परत पडलीस तर उठायची न्हाईस म्हणून. पन्हाळ्याच्या खाली, चांगल्या घरात दिलीय. पाणी हाय, चरायला रान हाय.’

‘बरं केलंस,’ आत्ती म्हणाली.

दादा थांबला. शिव्या खायच्या तयारीनं आलेला माणूस तो. ‘आई, भांड की माझ्याशी! कुणाचं घर, कसलं रान, इचार की. आत्ता जाऊन बघूया म्हण. गाडी आणलीया मी.’

‘कशाला?’ ती म्हणाली. ‘तू म्हणतोस म्हंजे खरंच असंल.’

दादा तिथंच, टॅक्सीवाल्यांच्या गर्दीत, तोंड झाकून रडायला लागला. आत्तीच्या शिव्या मी जन्मभर ऐकल्या होत्या. इतकी लागलेली त्यात एकही नव्हती.