दातारसर आणि न सापडलेला खडक

दातारसर खडक चाखून पाहत. ड्रिलिंगमधून वर आलेला चुरा ते दाढेखाली धरत. कचकचला तर गाळ, गुळगुळीत लागला तर चिकणमाती. नव्या माणसालाही चाखायला लावत. पहिल्या दिवशी मी थुंकलो, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "आईने भरवलेलं खाऊन इथवर आलास, आता हे खा."

नाशिकचे हे भूशास्त्रज्ञ दोह्यात वीस वर्षं टॉवरच्या पायाखालची जमीन तपासत होते. तिथल्या वेस्ट बे भागातल्या उंच इमारतींकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. कुणी चुकलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "पृथ्वी सहा हजार किलोमीटर खोल. आपण वीस मीटर खरवडतो आणि तेवढ्यातही खोटं बोलतो."

वर आलेले दगडाचे गोल तुकडे पेटीत क्रमाने मांडायचे आणि जिथे दगडच आला नाही तिथे तेवढ्या लांबीचं लाकूड ठेवायचं, हे माझं काम. इथल्या चुनखडीत पोकळ्या असतात, त्यांच्यावर पाया बसला तर इमारत खचते. ऑगस्टमधल्या एका दुपारी महाडचे ड्रिलर इस्माईलभाई मला सांगून गेले, की भोकात सोडलेलं पाणी एकदम खाली गेलं, इथे पोकळी आहे. मी उन्हाने कावलो होतो. लाकूड न ठेवता तुकडे सरकवून पेटी भरली आणि फोटो काढून मोकळा झालो.

पुढे शेजारच्या भोकात ती पोकळी सापडली. सरांनी आम्हाला शेडमध्ये उभं केलं आणि इस्माईलभाईंना विचारलं, की तुम्ही का बोलला नाहीत.

"यांना सांगितलेलं, सर," ते माझ्याकडे पाहून म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मला नाही आठवत."

"खलास," सर इस्माईलभाईंना म्हणाले. अठरा वर्षांची नोकरी गेली. बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतली खोली त्यांनी आठवड्यात सोडली. मी निरोपालाही गेलो नाही.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. विमानतळावर सोडायला जाताना मी गाडीत सगळं कबूल केलं. सर रस्त्याकडे पाहतच म्हणाले,

"त्याच दिवशी ठाऊक होतं मला. लाकूड ठेवणं तुझं काम."

मग इस्माईलभाईंना का काढलंत, मी विचारलं.

"कुणाला तरी काढावंच लागणार होतं. ड्रिलर दुसऱ्या दिवशी मिळतो. खडक वाचणारा घडवायला मला दोन वर्षं लागली होती."

मी त्यांची बॅग उतरवली, वाकून नमस्कार केला. त्या माणसाची किळस यायला हवी होती. सांगायला लाज वाटते, पण मला मनातून बरं वाटलं, सरांनी मला ठेवून घेतलं होतं.