डेंगळ्यावरचे जांभळे डाग

मनसरच्या सभेत मी गरजलो, "तुमचा कांदा मँगनीज खाणीच्या धुळीनं मरतोय!" टाळ्या पडल्या, मोर्चाही जाहीर झाला. सभा उठल्यावर किसनाबाई नावाची शेतकरीण पुढे आली. "भाऊ, धूळ तं माह्या वांग्यावरबी पडते. वांगं काहून नाई करपत? या न एकदा वावरात."

म्हणून दोन दिवसांनी निघालो. सत्तरच्या दशकातला फेब्रुवारी. नागपूरहून रामटेकची एसटी, कामठी ओलांडून कन्हानचा पूल, मग मनसर. तिकीट दोनेक रुपये. समोरून ट्रक आला की बस मातीत उतरायची. तुम्ही गेलात तर फाट्यावर गरम आलुबोंडा खाऊन घ्या; पुढे दोन मैल पायी आहेत.

किसनाबाईचा कांदा डेंगळ्यावर होता, म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या कांद्यांना उंच दांडे फुटून पांढरे गोंडे आले होते. तिची पुढच्या सालची लागवड याच बियाण्यावर होती. पण आठवडाभर ढगाळ हवा आणि दव. दांडे मधेच मोडून पडत होते. वाकून पाहिलं. मोडल्या जागी लांबट, खोलगट डाग, मध्ये जांभळे, कडेला पिवळे, आत वर्तुळात वर्तुळ. धूळ असं नक्षीकाम करते? मी डागावर बोट घासलं; तो पुसला जाईना.

नागपूरच्या कृषी महाविद्यालयात दाखवायचं ठरलं. किसनाबाईचं माहेर रामटेकच्या पानमळ्यातलं. तिने कांद्याची डागाळलेली पात ओल्या फडक्यात गुंडाळली, वर केळीचं पान. "अशानं पान आठ दिवस ताजं राहाते, भाऊ." मी पानाचा शौकीन, मलाही पटलं.

तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी फडकं सोडलं. आत काळा, घाण लगदा.

"विडा आणलात की काय? आता रोगाची बुरशी कोणती नि सडण्याची कोणती, कसं सांगू? अर्धं निरोगी, अर्धं रोगट पान आणा, कोरड्या कागदात. गाव आणि डाग कधी दिसले ते लिहा."

पुन्हा एसटी, पुन्हा दोन मैल. किसनाबाई खळखळून हसली. "म्हंजे तुमालेबी ठावूक नव्हतं! भाषण तं लय करता!" तिने घरातून जुनं वर्तमानपत्र आणलं, त्यात नवं पान ठेवून घडी घातली.

प्राध्यापकांनी घडी उलगडली, तर आत माझाच फोटो, खाली धुळीचं ते भाषण. माझ्या उघड्या तोंडावर ते जांभळ्या डागाचं पान. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "करपा. बुरशी आहे. धूळ निर्दोष." कागद परत देत म्हणाले, "रोगट दांडे कापून वावराबाहेर जाळा. मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारा, पण चिकटवायला काहीतरी घाला, कांद्याच्या पातीवर थेंब ठरत नाही. आणि शेजाऱ्यांना आजच सांगा. बुरशी बांध ओळखत नाही."

मोर्चाच्या सकाळी झेंडे घेऊन माणसं जमली होती. बैलगाडीवर चढून मी पान उंच धरलं. "मी चुकलो. हा रोग आहे!"

"मंग खाण सुटली का?" मागून कोणी ओरडलं.

"नाही! मजुरांच्या छातीत जाते त्या धुळीसाठी खाणीशी भांडू. आज फवारायला चला."

टाळ्या पडल्या नाहीत. पण लोक झेंडे गाडीत टाकून वावरांकडे वळले. किसनाबाईचे निम्मे दांडे गेले. उरलेल्यांनी तिची लागवड निभावली.

घरी माझ्या भाषणांच्या कात्रणांची वही आहे. त्यात एकाच कात्रणावर तोंडाच्या जागी जांभळा डाग आहे. बोलायला निघण्यापूर्वी मी तेच पान उघडतो.