रोल नंबर आठ

शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत भुताला न घाबरणारा माणूस एखादा सापडेल, पण आमच्या इंग्रजीच्या सरांना न घाबरणारा सापडणार नाही. सर उंच, काटकुळे, भर मे महिन्यातही काळा कोट घालणारे. भातसानगरच्या वसाहतीत ते एकटे राहायचे आणि संध्याकाळी धरणाच्या भिंतीवरून चालताना इंग्रजी नाटकांतले संवाद पाण्याला ऐकवायचे. मधेच थांबायचे, पाण्याने काहीतरी उत्तर दिल्यासारखी मान हलवायचे आणि पुढे निघायचे. त्या वेळी बायका पोरांना घरात ओढून घ्यायच्या. कॉलेजातही सरांची खोली अगदी शेवटची, मागच्या भातखाचरांना लागून. नाटकात भूत आलं की सर खिडक्या लोटून घेत आणि बेंबीतून आवाज काढत. एकदा शिपाईमामांनी नोटीस दारातूनच आत फेकली आणि पळ काढला. "तुमच्या सरांच्या आंगात कोणतरी येतं रे," असं ते आम्हाला बजावून सांगत. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "येतं. पण अभ्यासक्रमातलंच येतं."

मी पत्रकांवर वाढलेला. आमच्या बुद्धवाड्यातल्या घरात भूतभानामतीविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे असत. मला इंग्रजी हवी होती ती साहेबाला साहेबाच्या भाषेत जाब विचारण्यासाठी. पण सत्त्याण्णव साली बीएच्या शेवटच्या वर्षाला, टीवायला आलो तर इंग्रजी स्पेशलला नावं आठ आणि माणसं सात. आठ भरले नाहीत तर वर्ग बंद, आणि आमची सगळ्यांची रवानगी इतिहासात. आठवी होती कॉलेजमागच्या गावातली मुलगी. लावणीला हात कमी पडतात म्हणून बापाने तिला घरी ठेवलेली.

पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. "रोल नंबर आठ." कोणी नाही. सर थांबले. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट की गजांपलीकडे जग संपल्यासारखं. आणि त्या धुक्यातून एक बारीक, ओला आवाज आला, "येस्सर."

शेजारच्याने माझं मनगट असं पकडलं की वळ उठले. सरांनी शांतपणे हजेरी मांडली.

पुढे रोज तेच. शेवटी मी उठून उभा राहिलो. "सर, ही खोटी हजेरी आहे. आम्हाला हे पटत नाही."

"आवाज ऐकलास?"

"ऐकला."

"मग ती गैरहजर कशी?"

मी तावातावाने मागच्या खाचरात गेलो. चिखलात इरल्यांची रांग. पावसासाठी पाठीवर घेतलेल्या पानांच्या त्या कुबडांखाली सगळ्या वाकलेल्या, एकाही बाईचं तोंड दिसेना. पत्रकांत याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी हाक मारली, "रोल नंबर आठ कोण गो?"

रांग थांबली नाही. कोणत्या तरी इरल्याखालून म्हातारा आवाज आला, "इथं कोण नाय शिकणारी. जा रे बाबा, उगाच तिच्या बापाच्या कानावर जायचं." बाकीची इरली दबून हसली. मी परत आलो आणि तत्त्वाचं बोलणं बंद केलं.

पंधरा दिवसांनी प्राचार्य स्वतः डोकी मोजायला आले. त्यांनी बोटाने सात मोजले. सर म्हणाले, "रोल नंबर आठ."

खिडकीबाहेरून काहीच आलं नाही. सर थांबले. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. सरांनी पुन्हा नंबर पुकारला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बेंबीतून नाही, गळ्यातून आला.

तेवढ्यात व्हरांड्यात शिपाईमामा किंचाळले. दारात एक इरलं उभं होतं, खाली गुडघ्यापर्यंत चिखलाचे पाय. आतून आवाज आला, "येस्सर. बांधावरनं यायला टाइम लागला."

प्राचार्य "आठ" म्हणाले आणि घाईने निघून गेले. ती म्हणाली, "बापाला सांगून आलेय सर. रागवलाय. पण नको नाय म्हणाला." सरांनी पुस्तक उघडलं, पण बराच वेळ त्यांना पान सापडलं नाही.

दोन हजार सातला सर गेले. मला चार महिन्यांनी कळलं. कळवायला त्यांच्या मागे कोणी नव्हतंच. रोल नंबर आठला सांगायला मुरबाडला गेलो; तिथल्या शाळेत ती इंग्रजी शिकवते. मधल्या सुट्टीत पायरीवर बसून तिने ऐकून घेतलं.

"मी त्या दिवशी आले नसते तर काय केलं असतं रे सरांनी?"

"वाट पाहिली असती."

"किती?"

घंटा झाली, तशी ती हजेरीपट उचलून वर्गाकडे निघाली.